अ‍ॅस्पिरिन कोणासाठी, कॅन्सर कोणता?

गेल्या महिन्यात माझ्या मेडिकलच्या काउंटरवर एकाच आठवड्यात दोन माणसं आली. पहिले निवृत्त शिक्षक, वय सत्तरीच्या आसपास. गावात सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. “रक्त पातळ करायच्या गोळीच्या दोन पट्ट्या द्या. रोज एक घेणार आहे. अन्ननलिकेचा कॅन्सर टळतो म्हणे तिनं.” डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती, हृदयाचं दुखणं नव्हतं. बोलताना त्यांचा उजवा अंगठा डाव्या तळहातावर फिरत होता. चुना लावलेली तंबाखू मळून होत आली होती. दोन दिवसांनी एक बाई आल्या. नवऱ्याला दीड वर्षापूर्वी स्टेंट बसवलेला. त्यांनी त्याच गोळीची, म्हणजे 75 मिलिग्रॅमच्या अ‍ॅस्पिरिनची, अर्धी पट्टी काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, “ही परत घ्या. म्हाताऱ्या माणसांना हिनं कॅन्सर होतो, असं मुलानं वाचलंय. परवापासून बंदच केली.”

दोघांनाही खोटं कोणी सांगितलं नव्हतं. दोघांच्या कानावर आलेल्या गोष्टीमागे खरेखुरे अभ्यास आहेत. चुकलाय तो वाद घालण्याचा प्रकार. अ‍ॅस्पिरिन चांगली की वाईट, एवढ्याच दोन टोकांवर तो चालतो आणि कोणासाठी, कोणत्या कॅन्सरसाठी, किती वर्षं, कशासोबत हे प्रश्न कोणी विचारतच नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अन्ननलिकेचा कॅन्सर होऊ नये म्हणून निरोगी माणसानं आपल्या मनानं अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये. हृदयासाठी डॉक्टरांनी दिली असेल, तर कॅन्सरच्या भीतीनं ती बंद करू नये. आणि ज्या कॅन्सरबद्दलचे आकडे आपल्याला ऐकवले जातात, तो महाराष्ट्रातल्या बहुतेक रुग्णांना होणारा कॅन्सर नव्हेच.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. अन्ननलिका एकच, पण तिच्यात होणारे मुख्य कॅन्सर दोन. एक ॲडिनोकार्सिनोमा. हा बहुधा खालच्या टोकाला, जठराजवळ होतो. वर्षानुवर्षं आम्ल वर येत राहतं, नळीचं अस्तर बदलून आतड्याच्या अस्तरासारखं होतं. या बदलाला ‘बॅरेट’ म्हणतात, 1950 साली त्यावर लिहिणाऱ्या ब्रिटिश सर्जनच्या नावावरून. त्यातल्या थोड्या लोकांना पुढे कॅन्सर होतो. लठ्ठपणा आणि जुनी जळजळ ही याची मोठी कारणं, आणि ब्रिटन-अमेरिकेत आज हाच प्रकार जास्त. दुसरा स्क्वॅमस. तो नळीच्या मूळ अस्तरातूनच उठतो, बहुधा वरच्या आणि मधल्या भागात. त्याची कारणं तंबाखू, दारू, सुपारी, फार कढत पेयं, फळं-भाज्यांचा तुटवडा. भारतातले बहुसंख्य रुग्ण या दुसऱ्या प्रकारचे. 2020 च्या अंदाजानुसार देशात वर्षाला साठ हजारांहून जास्त लोकांना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला आणि मरणाऱ्यांचा आकडा त्याच्या जवळपासच होता. नाव एक, अवयव एक, म्हणून औषधही एकच लागू पडेल, असं कशावरून?

आता समोरच्या बाजूचं बळ मान्य करायला हवं, कारण ते खरोखरच मोठं आहे. 1988 मध्ये मेलबर्नच्या संशोधकांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेल्यांमध्ये अ‍ॅस्पिरिन घेणारे कमी आढळले. 1991 मध्ये अमेरिकेत साडेसहा लाखांहून जास्त लोकांच्या पाहणीतही हीच दिशा दिसली. 2003 मध्ये अन्ननलिकेवरचे नऊ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा अ‍ॅस्पिरिन किंवा त्या जातीची वेदनाशामकं घेणाऱ्यांमध्ये या कॅन्सरची शक्यता सुमारे 43 टक्क्यांनी कमी दिसली. स्क्वॅमस प्रकारातही ती कमीच दिसली, हे मी मुद्दाम सांगतो. माझ्या म्हणण्याला अडचणीचं आहे म्हणून ते झाकून ठेवणं बरोबर नाही. इतक्या ठिकाणी, इतक्या वेळा तोच कल दिसत असेल, तर त्याकडे दुर्लक्ष का करायचं?

दुर्लक्ष करू नये, पण तो कल कशाचा आहे हे मात्र विचारावं. हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास होते. कोण गोळी घेतो आणि कोण घेत नाही, हे लोकांनी आपलं आपण ठरवलेलं होतं. आणि इथेच अन्ननलिकेच्या बाबतीत एक खास फसगत आहे. ज्याला पित्ताचा त्रास आहे, छातीत जळजळतं, आंबट ढेकर येतात, तो अ‍ॅस्पिरिन टाळतोच. डॉक्टरही त्याला देत नाहीत. माझ्या काउंटरवर रोज ऐकतो: “ती नको, तिनं पित्त खवळतं.” आणि ॲडिनोकार्सिनोमाचा धोका नेमका याच जळजळवाल्यांना जास्त! म्हणजे गोळी न घेणाऱ्यांच्या गटात धोक्याची माणसं आधीपासूनच जास्त भरलेली. शिवाय घास अडकायला लागलेला माणूस निदान व्हायच्या कित्येक महिने आधी गोळ्या गिळणं कमी करतो. मग कॅन्सर झालेल्यांमध्ये गोळी घेणारे कमी दिसणारच. हे दोष संशोधकांना ठाऊक असतात आणि ते हिशेबात धरायचा प्रयत्न करतात. पण माणसाची सवय आकड्यांतून पूर्ण धुऊन काढता येत नाही.

म्हणून खरा कस लागतो तो चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्यांत. तिथेही अ‍ॅस्पिरिनच्या बाजूनं एक भक्कम काम आहे. 2011 मध्ये ऑक्सफर्डच्या पीटर रॉथवेल यांच्या गटानं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आठ जुन्या चाचण्यांतल्या 25,570 लोकांचा हिशेब मांडला. या चाचण्या मुळात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांसाठी केलेल्या होत्या. कॅन्सरचे मृत्यू नंतर मोजले. अ‍ॅस्पिरिनच्या गटात ते 21 टक्क्यांनी कमी निघाले. फायदा दिसायला सुमारे पाच वर्षं लागली आणि काही चाचण्यांत वीस वर्षांपर्यंत तो टिकला. हा निष्कर्ष मोठा आहे, मी तो मानतो. पण त्याच लेखात एक छोटं वाक्य आहे, जे आपल्यापर्यंत कोणी पोचवत नाही: फुप्फुस आणि अन्ननलिका या दोन अवयवांत फायदा फक्त ॲडिनोकार्सिनोमापुरता होता. म्हणजे निरीक्षणात दोन्ही प्रकारांत दिसलेला फायदा गट पाडलेल्या चाचण्यांत एकाच प्रकारात उरला, आणि तो प्रकार गुरुजींना ज्याची भीती असायला हवी तो नव्हे. अ‍ॅस्पिरिनची बाजू मांडणारे ज्याचा सगळ्यात जास्त दाखला देतात, त्याच अभ्यासात हे आहे.

ब्रिटनमध्ये या प्रश्नावर थेट चाचणीही झाली. ‘अ‍ॅस्पेक्ट’ तिचं नाव. निकाल 2018 चा. बॅरेटचा बदल झालेले 2,557 लोक, जवळजवळ नऊ वर्षांचा पाठपुरावा. आम्ल कमी करणारं इसोमेप्राझोल काहींना जास्त, काहींना कमी मात्रेत. आणि त्यासोबत निम्म्यांना रोज 300 मिलिग्रॅमच्या घरातली अ‍ॅस्पिरिन. मृत्यू, कॅन्सर किंवा कॅन्सरच्या उंबरठ्यावरचा बदल, यांतलं काहीही व्हायला किती वेळ लागतो हे मोजलं. आम्ल कमी करणाऱ्या गोळीची जास्त मात्रा सरस ठरली. अ‍ॅस्पिरिनच्या बाजूला कल होता, पण एकटीच्या जोरावर ती संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीला थोडक्यात उतरली नाही. दोन्ही औषधं एकत्र घेणाऱ्यांत परिणाम सगळ्यात चांगला होता. बातम्यांमध्ये मात्र ‘अ‍ॅस्पिरिननं अन्ननलिकेचा कॅन्सर टळतो’ एवढंच उरतं. त्या चाचणीतल्या कोणीही नुसती अ‍ॅस्पिरिन घेतलेली नव्हती. प्रत्येकाच्या पोटात आम्लाविरुद्धचं औषध होतं, प्रत्येकाचं बॅरेटचं निदान दुर्बिणीनं पक्कं झालेलं होतं, प्रत्येकावर डॉक्टरांची नजर होती. उपाशीपोटी, चहासोबत, कोणाच्याही देखरेखीशिवाय गोळी घेणारा माणूस त्या चाचणीतलं काहीच करत नसतो. लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या, बॅरेटची तपासणी चालू असलेल्या मराठी माणसानं आपल्या पोटविकारतज्ज्ञाला याबद्दल जरूर विचारावं. त्याच्यासाठी हा निकाल कामाचा आहे. पुण्या-मुंबईत वजनं वाढताहेत, जळजळ वाढतेय, तिथेही काही लोकांना तो उद्या लागू पडेल.

आता त्या बाईंच्या मुलानं वाचलेलं. तेही खरं होतं. 2018 मध्ये ‘अ‍ॅस्प्री’ या चाचणीचे निकाल आले: ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले 19,114 लोक, बहुतेक सत्तरीपुढचे, हृदयविकार नसलेले, रोज 100 मिलिग्रॅम. आयुष्य वाढलं नाही, अपंगत्व लांबलं नाही. मोठा रक्तस्राव अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत 3.8 टक्के, न घेणाऱ्यांत 2.8 टक्के. आणि कॅन्सरनं झालेले मृत्यू 3.1 विरुद्ध 2.3 टक्के. हा शेवटचा आकडा संशोधकांनाही अनपेक्षित होता आणि तो जपून वाचा, असं त्यांनीच लिहिलं. त्याच वर्षी मधुमेह्यांवरच्या, पंधरा हजारांहून मोठ्या दुसऱ्या चाचणीत कॅन्सरच्या बाबतीत फरकच दिसला नाही. तेव्हा ‘अ‍ॅस्पिरिननं कॅन्सर होतो’ हे यातून सिद्ध होत नाही. आणि मुख्य म्हणजे ती माणसं हृदयविकार नसलेली होती. स्टेंट बसवलेल्या माणसाला तो निकाल लावणं म्हणजे विहिरीची खोली पाहून नदीत उडी मारणं. अशा रुग्णानं गोळी एकाएकी सोडली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन झटका येऊ शकतो. मी त्या बाईंना पट्टी परत दिली आणि माझ्याच फोनवरून त्यांच्या डॉक्टरांशी बोलायला लावलं. त्यांचा हात थरथरत होता. दोन दिवस गोळी बंद होती.

अ‍ॅस्पिरिनच्या इतिहासात हे आधी घडून गेलंय. कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलमध्ये लॉरेन्स क्रेव्हन नावाचे डॉक्टर होते. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर अ‍ॅस्पिरिनचं च्युइंगगम भरपूर चघळणाऱ्यांना रक्तस्राव जास्त होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. मग रक्त गोठणं कमी झालं तर हृदयाचा झटकाही टळेल, असा तर्क करून त्यांनी आपल्याकडे येणाऱ्या पुरुषांना ती द्यायला सुरुवात केली. 1956 मध्ये त्यांनी लिहिलं, सुमारे आठ हजार जणांत एकालाही झटका आला नाही. तुलनेला दुसरा गट नव्हता. पुढच्याच वर्षी ते स्वतः हृदयविकारानं गेले. त्यांची नजर तीक्ष्ण होती, हे पुढे सिद्ध झालं: 1988 मध्ये झटका आलेल्या 17,187 रुग्णांवरच्या चाचणीत अ‍ॅस्पिरिननं पाच आठवड्यांतले मृत्यू सुमारे 23 टक्क्यांनी घटवले. पण निरोगी माणसांचं काय? त्याचं उत्तर यायला आणखी तीस वर्षं गेली, आणि ते बहुतांशी ‘नको’ असं आलं. आजार टाळण्याबाबत शिफारशी करणाऱ्या अमेरिकेच्या समितीनं 2016 मध्ये पन्नाशीतल्या, हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्यांना हृदय आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर या दोन्हींसाठी अ‍ॅस्पिरिन सुचवली होती. 2022 मध्ये तिनं साठीपुढे ती नव्यानं सुरू करू नये असं सांगितलं आणि कॅन्सरसाठीचा पुरावा अपुरा ठरवला. क्रेव्हन बरोबरही होते आणि चूकही. कोणासाठी, एवढाच काय तो फरक.

याहून कडू धडा बीटा कॅरोटिनचा आहे. गाजरातलं ते पिवळं-केशरी द्रव्य. फळं-भाज्या खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो, त्यांच्या रक्तात हे द्रव्य जास्त असतं, मग त्याची गोळीच द्यावी, किती सरळ विचार! फिनलंडमध्ये 29,133 पुरुष धूम्रपींवर चाचणी झाली. 1994 मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली तशीच चाचणी 1996 मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. कारण तोच, कॅन्सर वाढला. तंबाखू तशीच चालू ठेवून वरून एक गोळी घ्यायची, या कल्पनेचा जगानं केलेला हा सगळ्यात मोठा प्रयोग. अ‍ॅस्पिरिनचंही तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण निरीक्षणातला गोड कल चाचणीत उलटू शकतो, हे एकदा पाहिल्यावर दुसऱ्यांदा तीच घाई का करावी?

यावर दोन गोष्टी नेहमी ऐकू येतात. पहिली: गोळी स्वस्त आहे, पेटंट केव्हाच संपलंय, म्हणून कंपन्यांना तिच्यावर संशोधन नकोच आहे. यात तथ्य आहे. स्वस्त औषधाची चाचणी करायला खासगी पैसा पुढे येत नाही. पण सार्वजनिक पैसा आलाय. ब्रिटन, आयर्लंड आणि भारतात मिळून ‘अ‍ॅड-अ‍ॅस्पिरिन’ नावाची सुमारे अकरा हजार रुग्णांसाठी आखलेली चाचणी 2015 पासून सुरू झाली. भारतात तिची धुरा मुंबईच्या टाटा मेमोरियलकडे आहे, आणि जठर-अन्ननलिकेचे रुग्णही तिच्यात आहेत. आपल्या रुग्णांबद्दलचं उत्तर तिथून आलं तर मी ते डोक्यावर घेईन. पण तेही कॅन्सरचा उपचार पार पडलेल्यांसाठीचं असेल, निरोगी माणसांसाठीचं नव्हे. दुसरी गोष्ट: “घेऊन बघायला तोटा काय?” तोटा आहे. शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या ज्या द्रव्यांना ही गोळी अडवते, तीच जठराच्या अस्तराचं रक्षण करतात. म्हणून अल्सर, म्हणून काळी शौच, म्हणून कधी मेंदूत रक्तस्राव. हेलिकोबॅक्टर या जठरातल्या जंतूचा संसर्ग आपल्याकडे इतका पसरलेला, की अनेकांचं जठर आधीच सोललेलं असतं. गोळी कमी पाण्यात घेतली आणि नळीत चिकटून बसली, तर अन्ननलिकेलाच व्रण पडतो. आणि पावसाळ्यात डेंगीची साथ असते तेव्हा अ‍ॅस्पिरिन हे घातक औषध आहे, प्लेटलेट आधीच उतरलेल्या असतात.

माझे मामा या कॅन्सरनं गेले. आधी ते ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून खायला लागले. दात गेलेत म्हणून असेल, असं मामी म्हणायची. मग भाकरी सुटली आणि भात सुरू झाला. भातालाही घोट-घोट पाणी लागायला लागलं, मग नुसती पेज. तोंडातून दुर्बीण घालून तपासलं तोवर चार महिने निघून गेले होते. तीस वर्षं ते तंबाखू खात होते आणि शेतात थुंकायचा कंटाळा म्हणून रस गिळत होते. तो रस कोणत्या नळीतून खाली जातो, हे आम्हा कोणाच्या कधी मनातच आलं नाही. मुंबईत 1963 पासून कॅन्सरची नोंदवही आहे, बार्शीला 1987 पासून देशातली पहिली ग्रामीण नोंदवही. मुंबईच्या नोंदींवरून डॉ. जस्सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 मध्येच तंबाखू चघळणं आणि ओढणं यांचा तोंड, घसा, अन्ननलिका यांच्या कॅन्सरशी संबंध आकड्यांत मांडला होता. सुपारीत तंबाखू नसली तरी ती कॅन्सरकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये जाहीर केलं. 65 अंशांहून कढत पेयं धोक्याची असावीत, हे 2016 मध्ये. (चहा बशीत ओतून फुंकून पिणारी आपली जुनी माणसं शहाणी होती.) महाराष्ट्रानं 2012 मध्ये गुटखा बंद केला, आज कोणत्याही नाक्यावर पानमसाल्याची पुडी आणि तंबाखूची पुडी जोडीनं मिळते, माणूस तळहातावर एक करतो. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, त्यातले बहुतेक बिनधुराची.

आणि मशेरी. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड, सकाळी चुलीपुढं बसून दातांना लावणाऱ्या बायका आजही माझ्या गावात घरोघरी आहेत. ती व्यसनात कोणी मोजत नाही. ‘दात घासते’ असंच म्हणतात. घास अडकतो म्हणून त्या माझ्याकडे येतात आणि पित्ताचं पुडकं मागतात. दोन आठवडे, तीन आठवडे पित्ताचंच औषध. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दुर्बिणीची तपासणी होत नाही, जिल्ह्याला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते. अ‍ॅस्पिरिनवर वाद घालणारी सुशिक्षित माणसं या बाईच्या बाजूनं कधी वाद घालणार? स्क्वॅमस कॅन्सरचं कारण माहीत आहे, ते टाळता येतं, तंबाखू सोडल्यावर धोका वर्षागणिक उतरत जातो, यावर शास्त्रज्ञांत मतभेद नाहीत. ज्याच्यावर मतभेद आहेत त्या गोळीवर आपण तासन्‌तास बोलतो.

गुरुजींना मी पट्टी दिली नाही. विचारलं, “भाकरी गिळताना पाणी लागतं का?” त्यांनी जरा वेळ विचार केला. “नाही, अजून तरी नाही.” मग मी औषधाच्या रिकाम्या पाकिटावर तंबाखू सोडण्यासाठीच्या सरकारी मदतसेवेचा 1800-11-2356 हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून दिला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, पाकिटाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली, चंचीच्या शेजारी.